हिराकाकीची दुपार

हिराकाकीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती उष्ट्या ताटांतून चांदी निवडत होती. चांदी म्हणजे चॉकलेटच्या वेष्टनातला चकचकीत कागद. कुणा गिऱ्हाइकाच्या पोराने चॉकलेट खाऊन तो कागद चुरगाळून रश्श्यात टाकला होता. काकीने तो दोन बोटांनी उचलला, रस्सा निथळू दिला, मोरीवर नेऊन भांडी घासायच्या पाण्यात खळबळला आणि पदराला पुसून कमरेला निऱ्यांत खोचला. मी समोरच्या बाकावर भाकरीचा पहिला तुकडा मोडून बसले होते. तो तुकडा काही माझ्या घशाखाली उतरला नाही.

"बाई, भाकर गार झाली," ती माझ्याकडे बघून म्हणाली.

"तुम्ही ते कशाला उचललंत?"

"चांदी हाय ना ती."

"अहो, उष्ट्यात होती!"

"मंग काय झालं? धुतली की साफ."

हे उत्तर मी पुढे कितीतरी वेळा ऐकलं.

मला जात्याच किळस फार. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी मला चालत नाही. पंगतीत शेजारचा भुरके मारायला लागला की मी मान फिरवून बसते. एसटीच्या खिडकीच्या दांडीला रुमालाशिवाय हात लावत नाही. असल्या बाईने मुरबाड-माळशेज रस्त्यावरच्या ढाब्यामागे राहायला जायलाच नको होतं. पण टोकावड्याच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत माझी बदली झाली आणि बघितलेल्या खोल्यांत संडास आत असलेल्या एवढ्या दोनच निघाल्या. त्या हिराकाकीच्या होत्या. पुढे तिचा ढाबा, मध्ये स्वयंपाकघर आणि मोरी, मागे तिचं घर आणि त्याला चिकटून माझ्या खोल्या. मागची पडवी दोघींत एकच. त्या पडवीत काकीचा कारखाना चाले.

कारखाना म्हणजे तिची चिकटवही. हा शब्द तिला चौथीत मिळाला होता. गुरुजींनी मुलांना झाडांची पानं वहीत चिकटवायला सांगितली, हिची वही अर्धी झाली आणि शाळा सुटली. मग लग्न, भाताची शेती, सासूचं आजारपण, नवऱ्याचं पिणं, नवरा गेल्यावर दिनेशला वाढवणं आणि रस्त्याकडेच्या तुकड्यावर उभा केलेला हा ढाबा. पन्नाशी उलटल्यावर कधीतरी तिला ती अर्धी वही आठवली. ती जुन्या कॅलेंडरांची पानं उलटी करी, कोरी बाजू वर आणी, मधोमध दुमडी आणि दाभणाने सुतळीत शिवून टाकी. अशी ऐसपैस वही मांडीवर घेऊन ती पडवीत बसायची आणि दिवसभरात जे हाती लागलं असेल ते तीत चिकटवायची.

हाती काय लागायचं, ते मी शक्यतो बघत नसे. पण पडवी एकच, डोळे किती मिटणार? चॉकलेटची चांदी, एसटीची तिकिटं, बिस्किटांचे पुडे, साडीवरचं लेबल, लग्नपत्रिकेवरचे गणपती. गणपती असला की पत्रिका कचऱ्यात टाकायची कुणाची छाती होत नाही, म्हणून सगळी आळी आपापल्या पत्रिका काकीच्या गळ्यात मारायची. इथवर ठीक होतं. पण बिअरच्या बाटल्या रात्रभर पाण्यात बुडवून सोलून काढलेली लेबलं? त्या पाण्याचा आंबूस भपकारा सकाळी माझ्या चहापर्यंत यायचा. मेलेल्या पाकोळ्या, कोंबडीची पिसं, आणि एकदा तर गवतात सापडलेली सापाची कात. ती तिने माझ्या दारासमोर उन्हात पसरून ठेवली होती. त्या दिवशी मी पुढच्या दाराने शाळेत गेले आणि पुढच्याच दाराने परत आले.

शिवाय खळ. बाजारात डिंकाच्या बाटल्या मिळतात, मी स्वतः तिला आणूनही दिल्या. तिने त्या फळीवर मांडून ठेवल्या. तिला खळ लागे ती शिळ्या भाताची, पातेल्यात घोटून घोटून शिजवलेली. दुसऱ्या दिवशी तिला वास सुटे, तिसऱ्या दिवशी वर तार धरे. काकी तीत मनगटापर्यंत हात घालून ती वहीवर फासत असे. मी नाकाला पदर लावून पडवीच्या दुसऱ्या टोकाला वह्या तपासत बसायची. "बाई, नाक काढून ठेवा घरात, मंग या," असं म्हणून ती खो खो हसे.

तिचा दिवस मी पाहिला नसता तर ह्या उद्योगाला मीही रिकामपणच म्हटलं असतं. पहाटे उठून ती गोठा काढायची, चुलीवर पाणी ठेवायची आणि भाकऱ्या थापायला बसायची. तांदळाच्या भाकऱ्यांची चवड बघून डोळे फिरत. मग कोंबड्या कापणं, सोलणं, वाटण. उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे, पावसाळ्यात लावणी, दिवाळीच्या अलीकडे कापणी, आणि ढाबा बाराही महिने. दिनेश गल्ल्यावर बसे. सुप्रिया, म्हणजे तिची सून, पोरगी कामसू होती. पण रश्श्याची चव फक्त काकीच्या हाताला होती आणि हे गिऱ्हाइकांना माहीत होतं. दुपारची जेवणं उरकली की चहाच्या गाड्या लागेपर्यंत थोडी उसंत मिळे. तेवढी दुपार तिची. घड्याळ ती बघत नसे, घाटातून खाली येणारी दुपारची एसटी ढाब्यासमोरून गेली की काकी वही मिटी.

ही तेवढीशी दुपार सगळ्या जगाच्या डोळ्यांत सलायची. बाई दिवसभर राबते हे कुणाला दिसायचं नाही, बसली की मात्र लगेच दिसे. "आई, दोन चिकन!" दिनेश पुढून ओरडे. शेजारीण विळी मागायला त्याच वेळी येई. बचत गटाची बैठक त्याच वेळी आणि तिच्याच पडवीत. एक लांबची चुलत नणंद होती, सखूबाई. ती दर आठवड्याला दुपारीच उगवायची आणि येऊन म्हणायची, "बसलीस ना रिकामी? मंग चाय तरी टाक." मी ते ऐकून आतल्या आत जळायची. काकी मात्र शांतपणे दोन्ही हात वर करून दाखवायची. बोटांपासून मनगटापर्यंत खळ, वरून चिकटलेले कागदाचे कपटे, एखादं पीस.

"हात बग माजे," ती म्हणे. "ह्या हातानं देऊ चाय?"

हे तिचं हत्यार होतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. चिकटवायला एक बोटभर खळ पुरते. पण बोटभर खळ असली की माणूस म्हणतो, पूस आणि ये. मनगटापर्यंत माखलेल्या हातांना पीठ मळायला कोण सांगणार? काकी बसल्या बसल्या पहिल्यांदा पातेल्यात दोन्ही हात बुडवायची आणि मग कामाला लागायची. दिनेशने आतून डोकावलं तर ते हात बघून तोंड वाकडं करून निघून जाई. तो वास, ती तार, तो लगदा, सगळ्याची मला शिसारी यायची. पण त्याच्याआड ही बाई दार लावून बसलेली आहे हे कळल्यावर मी डिंकाच्या बाटल्यांचा विषय पुन्हा काढला नाही.

सखूबाईच्या मुलाची हळद होती तेव्हा मोठाच तमाशा झाला. आमच्याकडे हळदीला भावकीतल्या बायकांनी वडे तळायला जायचं असतं. सकाळपासून कढया चढतात आणि वडे संपेपर्यंत कुणी उठत नाही. मंडपाबाहेर ढणढणता डीजे, पुरुषमंडळी केव्हाच झिंगलेली, आणि आत धुरात बायकांचे डोळे लाल. काकीने सकाळपासून तळले. दुपार झाली तशी तिने झारा शेजारणीच्या हातात दिला, पदर झटकला आणि सरळ घरी आली. मी पडवीतच होते.

"काय हो काकी, बरं नाही का?" मी विचारलं.

"बरी हाय. माजा टाइम झाला."

"पण वडे?"

"वडे काय मला बगून फुगतात? जाते ना परत."

आणि खरंच, वही मिटून ती परत गेली आणि रात्रीची पंगत उठेपर्यंत तळत राहिली. त्याचं कुणाला काही नाही. मधली तेवढी दुपार गेली ती मात्र भावकीने वर्षभर चघळली. पिऊन मंडपात ओकलेल्या मेव्हण्याला कुणी चकार शब्द बोललं नाही. मला ह्या माणसांचा मनस्वी तिटकारा आला आणि तो मी सखूबाईला तोंडावर बोलूनही दाखवला. तेव्हापासून तिने माझ्याशी बोलणं टाकलं. चांगलंच झालं.

एकदा मी काकीला स्पष्टच विचारलं, "ह्या सगळ्याचा उपयोग काय?"

"काय नाय," ती म्हणाली.

"मग का करता?"

ती एका निळ्या लेबलाच्या शेजारी दुसरं निळं लेबल लावून बघत होती. ते तिला पटेना, म्हणून तिने मध्ये एक वाळलेलं पान सरकवलं. "भाकर करते ती लोकं खातात. भात लावते तो घरात येतो. म्हशीचं करते ती दूध देते. ह्याचं काय व्हत नाय. म्हनून तर करते, बाई."

माळशेजच्या पावसाळ्याबद्दल लोक फार प्रेमाने बोलतात. मी तो पावसाळा ढाब्याच्या मागच्या बाजूने पाहिला आहे. शनिवार-रविवारी रस्त्याला गाड्यांची रीघ लागे. भिजलेली, ओरडणारी, उघडीबंब माणसं धबधब्यातून थेट खुर्च्यांवर येऊन बसत. भातात सिगारेटी विझवत. टिश्यूपेपरचे गोळे पाण्याच्या पेल्यात कोंबत. टेबलाच्या खाली चघळलेलं गम चिकटवून जात. अर्धवट चावलेली हाडं टेबलावरच्या कापडाच्या डिझाइनवर ओळीने मांडून फोटो काढत. बाळाचा लंगोट बदलून जुना तसाच गुंडाळून आमच्या जास्वंदीखाली फेकलेला मी स्वतः उचलला आहे, काठीने. आणि ही स्वच्छ, सुवासिक माणसं निघताना मोरीकडे बघून नाक मुरडत, "केवढी अस्वच्छता आहे हो इथे!"

अशाच एका रविवारी एक गॉगलवाला तरुण हात धुवायला म्हणून मागे आला आणि त्याला काकी दिसली. त्याने विचारलंही नाही, सरळ मोबाईल धरला. खळीने माखलेले हात, मांडीवरची वही, तिच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, सगळं अगदी जवळून. वर कसलंसं रडवेलं संगीत लावून त्याने ते टाकलं. खाली लिहिलं होतं, कचऱ्यातून कला फुलवणारी आदिमाता. मी ते दिनेशच्या मोबाईलवर वाचलं आणि मोबाईल पालथा ठेवला. काकी आदिवासी नव्हे, कुणबीण, तिचं माहेर शेजारच्या गावचं, आणि ती रागावली की कशा शिव्या देते हे त्या गॉगलवाल्याने ऐकायला हवं होतं.

पण ते चाललं. माणसं काकीला बघायला यायला लागली. दिनेश तसा वाईट मुलगा नव्हता, आईला जपणारा होता, पण गिऱ्हाईक दारात आल्यावर त्याला दुसरं काही सुचत नसे. आठवड्याच्या आत त्याने ढाब्यासमोर फ्लेक्स लावला. त्यावर हात जोडलेली काकी, तिच्यापेक्षा मोठा हात जोडलेला दिनेश आणि खाली लाल अक्षरांत 'हिराकाकीची चिकटवही – सेल्फी पॉइंट'. पडवीतून काकीचा बसायचा पाट उचलून पुढच्या व्हरांड्यात आला. काकीला नवं पातळ आलं. वह्या टेबलावर मांडल्या गेल्या.

"आई, तू काय करू नको," दिनेश म्हणाला. "नुसती बस. तुला आवडतं ना ते? मंग आता दिवसभर तेच कर. भाकऱ्यांना मी बाई लावतो."

ऐकणाऱ्याला वाटावं, केवढा मातृभक्त! काकीलाही आधी तसंच वाटलं. ती दोन दिवस हौसेने बसली. मग मात्र तिचे हात चालेनासे झाले. ती कागद उचले आणि कुणीतरी म्हणे, "काकी, इकडे बघा. काकी, स्माइल. काकी, परत एकदा चिकटवा ना, व्हिडिओ राहिला." चिकटवलेला कागद सोलून परत चिकटवायचा. कुणी वही उचलून त्यावर बाळ बसवी. कुणी तेलकट बोटांनी पानं उलटी. एका बाईने तर काकीच्या हनुवटीला धरून तिचं तोंड उजेडाकडे फिरवलं. एसटी आली आणि गेली तरी कुणी काकीला उठू देईना. मागच्या पडवीत खळीचं पातेलं पालथं पडून होतं. वास गेला होता आणि मला तिथे बसवेना.

एका संध्याकाळी ती माझ्या दारात आली. नवं पातळ तिने सोडून ठेवलं होतं.

"बाई, तुमाला ती किळस येते ना, ती कशी वाटते?"

"म्हणजे?"

"म्हंजे पोटात काय व्हतं?"

मी सांगितलं. घसा आवळतो, तोंडाला पाणी सुटतं, त्या वस्तूपासून लांब जावंसं वाटतं.

"हां," ती म्हणाली. "मंग तेच. मला वही बगून तसं व्हतंय."

ज्या बाईने उष्ट्या रश्श्यात हात घालताना कधी पापणी हलवली नाही, तिला स्वतःच्या वहीची किळस आली होती. मला इतका संताप आला की मी तिथल्या तिथे दिनेशला बोलवायला निघाले. तिने मला दारात अडवलं. "तुमी बोलू नका. तुमी बोललात तर तो रडंल, मंग मला दया येईल. मी बगते."

तिने काय बघितलं ते पुढच्या रविवारी कळलं. टेबलावरच्या जुन्या वह्या तिने उचलून पत्र्याच्या पेटीत घातल्या आणि त्यांच्या जागी एक नवी कोरी वही ठेवली. शनिवारभर तिने ताटं स्वतः उचलली होती. त्यातलं काहीही तिने धुतलं नव्हतं. पहिल्या पानावर एक सुंदर गणपती होता. दुसऱ्या पानावर रश्श्यात बुडालेल्या सिगारेटी, नीट एकाखाली एक. तिसऱ्यावर लिपस्टिक आणि चिकनचा मसाला पुसलेले टिश्यूपेपर, फुलासारखे उमललेले. चौथ्यावर टेबलाखालून खरवडलेलं गम, दातांच्या खुणांसकट. त्यापुढे चोखलेली हाडं, गुटख्याच्या पुड्या, कुणाच्या तरी बोटावरून सुटलेली पट्टी. सगळं भरपूर खळ लावून, हौसेने, कडेकडेने चांदीची नक्षी काढून. वर पावसाची दमट हवा आणि माश्या.

पांढऱ्या कपड्यांतल्या एका बाईने वही मांडीवर घेतली, नवऱ्याने मोबाईल रोखला, आणि तिने हसत हसत पान उलटलं. मग जी किंकाळी आली ती मी मागे माझ्या खोलीत ऐकली. मी धावत पुढे आले. वही जमिनीवर, बाई नळावर, नवरा दिनेशच्या अंगावर. दोन टेबलांवरची माणसं न जेवता उठली. मी वहीत एकदाच डोकावले आणि तोंडाला पदर लावून मागे पळाले. मोरीवर मला ओकारी झाली आणि ओकता ओकता हसूही येत होतं. असलं घाणेरडं आणि इतकं मन लावून केलेलं काम मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"आई, ये काय केलंस तू?" दिनेशचा आवाज चिरकला होता. "लोकांना दाखवायची वस्तू हाय काय ती?"

"त्यांच्याच ताटातलं हाय," काकी पाटावरून न हलता म्हणाली. "मी काय घरून आनलं?"

"आता परत कोन येनार हितं?"

"जेवाय येतील. मला बगाय येनार नाय." मग ती उठली आणि पाट काखेत मारला. "दिनेश, तुला आयशीचा फोटो लावायचा तर मेल्यावर लाव. माजी दुपार मला दे. भाकऱ्या मी करते, त्या बाईच्या भाकरीला कड नाय."

फ्लेक्स दोन दिवसांनी उतरला आणि म्हशीच्या गोठ्यावर गेला. गिऱ्हाईक थोडं कमी झालं, मग रश्श्याच्या ओढीने परत आलं. दिनेश आईशी महिनाभर धड बोलला नाही. पण दुपारी पुढून हाक येणं बंद झालं ते कायमचं. सुप्रिया तर एवढी शिकली की ह्या वेळात सखूबाई आली तर तिला ती बाहेरच्या बाकावरच बसवून ठेवी. "आईचा टाइम हाय," एवढंच म्हणे. मागच्या पडवीत पुन्हा खळीचा वास सुटला. मी नाकाला पदर लावून पुन्हा माझ्या टोकाला बसायला लागले.

मग माझी बदली शहापूर तालुक्यात झाली, शेणव्याच्या बाजूला. निघताना काकीने मला भाकऱ्या बांधून दिल्या. वही द्यायचं तिच्या मनातही आलं नाही आणि मी मागितलीही नाही. खरं सांगायचं तर घरात ठेवली नसती.

त्यानंतर एकदा मुरबाडकडे काम निघालं. बरोबर आमचे केंद्रप्रमुख होते. जेवायची वेळ टळून गेली होती, दोघांच्याही पोटात कावळे ओरडत होते. मी मोठ्या तोऱ्यात त्यांना ढाब्यावर नेलं आणि थेट मागे गेले. काकी पडवीत बसलेली, हात माखलेले. वयाने ती वाळल्यासारखी दिसत होती. मला बघून तिचा चेहरा फुलला.

"काकी, साहेब आलेत. तुमच्या हातचा रस्सा खायला म्हणून आणलंय मुद्दाम."

"बसा मंग," ती म्हणाली. "एसटी जाऊ दे."

"अहो, मी आलेय!"

"बगते ना मी. तुमाला पन नाय, बाई."

आणि तिने पुन्हा वहीत डोकं घातलं. केंद्रप्रमुख मागून आले होते, त्यांनी हे ऐकलं. "काय उद्धट बाई आहे!" ते म्हणाले, आणि वासाने त्यांनी नाकाला रुमाल लावला. माझा अपमान झाला होता खरा. पण मला इतका आनंद झाला की मी त्यांना म्हटलं, साहेब, तुम्ही पुढे बसा, शेव-चिवडा मागवा. मी मागेच बसले, एसटी जाईपर्यंत.

ती आमची शेवटची भेट. यंदा भातं कापून झाल्यावर सुप्रियाचा फोन आला. "बाई, आई गेली." मी शाळेतून तशीच निघाले. अंगणात माणसं जमली होती आणि सखूबाई मध्ये बसून सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलत होती.

"घरात येवडी मानसं, आनि म्हातारी कवा गेली कुनाला पत्ता नाय. तोंडात पान्याचा थेंब नाय पडला. जनावराला तरी बगतात मानसं."

बायका माना डोलवत होत्या. ह्याच सगळ्या. काकीला वड्यांना बोलावणाऱ्या, विळी मागणाऱ्या, बसलीस ना रिकामी म्हणणाऱ्या. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी बघून मला जी किळस आली तशी मला त्या ढाब्यामागच्या कुठल्याही घाणीची आली नव्हती. मी कुणाशी न बोलता आत गेले. सुप्रिया स्वयंपाकघरात चुलीपाशी एकटीच बसली होती. तिचे डोळे सुजले होते. बाहेरचा शब्दन् शब्द तिला ऐकू येत होता.

"दुपारचीच गेली, बाई," ती म्हणाली. "भिंतीला टेकून बसलेली, वही मांडीवर. मी गेली होती दारापर्यंत. पीठ संपलं होतं, विचारायचं होतं. पाठमोरी दिसली मला. मला वाटलं चिकटवते. म्हनून तशीच मागं फिरली. परत एकदा गेली, परत फिरली. एसटी गेली तरी उठली नाय, तवा..." तिला पुढे बोलवेना. "तवाच गेली असंल काय हो? का मंग जीव व्हता? सगळी बोलतात ते खरं हाय. मी एक हाक मारायला पायजे व्हती."

मी तिच्याजवळ खाली बसले.

"मारली असतीस तर ती ओरडली असती तुला," मी म्हणाले.

सुप्रिया रडता रडता हसली, आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून जास्तच रडायला लागली.